पांगलाँगचा शब्द

३१ मार्च २०२१ रोजी म्यानमारची राज्यघटना रद्द झाली. निदान एका बाजूच्या मते झाली. ती रद्द केल्याचं जाहीर करणाऱ्यांकडे त्या दिवशी ना संसद भवन होतं, ना तिजोरी, ना सैन्य. नोव्हेंबर २०२० मध्ये निवडून आलेले हे खासदार १ फेब्रुवारीला पहिल्या अधिवेशनाला बसायचे होते. त्याच पहाटे लष्कराने सत्ता घेतली, आँग सान सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट यांना अटक केली. बाहेर राहिलेल्या खासदारांनी पाच फेब्रुवारीला एक समिती स्थापन केली आणि दोन महिन्यांच्या आत, बहुतेक जण भूमिगत असताना, २००८ ची घटना मोडीत काढून तिच्या जागी ‘संघीय लोकशाही सनद’ प्रसिद्ध केली. तिकडे राजधानी नेपिडॉमधले सेनापती मिन आँग ह्लाइंग त्याच २००८ च्या घटनेची कलमं दाखवून आपण कायदेशीर असल्याचं सांगत राहिले.

ही सनद एकट्या खासदारांची नव्हती, आणि खरी नवलाई तिथेच आहे. ८ मार्च २०२१ ला स्थापन झालेल्या ‘राष्ट्रीय ऐक्य सल्लागार परिषदे’त जी माणसं एकत्र आली ती एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. सू चींच्या पक्षाचे खासदार होते, तसे सरकारशी वर्षानुवर्षं लढत आलेल्या सशस्त्र संघटनांचे प्रतिनिधी होते. संपावर गेलेले डॉक्टर, शिक्षक आणि रेल्वे कर्मचारी यांच्या समित्या होत्या, महिला आणि तरुणांच्या संघटना होत्या, वेगवेगळ्या राज्यांच्या हंगामी सल्लागार मंडळांची माणसं होती. परिषदेचं काम सल्ल्यापुरतं नाही. सनदेला अंतिम रूप देणं, एप्रिल २०२१ मध्ये उभ्या राहिलेल्या समांतर ‘राष्ट्रीय ऐक्य सरकारा’ला दिशा देणं, जनसभा भरवणं आणि पुढे संक्रमण काळाची घटना लिहिणं, एवढा पसारा तिने अंगावर घेतला आहे. निर्णय मतदानाने नव्हे, सहमतीने घ्यायचा असा तिचा प्रघात. त्यामुळे ती कमालीची संथ आहे. यादवी युद्धात संथपणा परवडत नाही हे खरं, पण ज्या देशात बहुसंख्याकांनी मतदान जिंकून बाकीच्यांना गप्प केलं, तिथे मतदानाला घाबरणारी माणसं अगदीच चुकीची म्हणता येत नाहीत.

हे भय कुठून आलं ते समजायला थोडं मागे जावं लागतं, आणि ती वाट रत्नागिरीवरून जाते. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा १८८५ च्या युद्धात हरला आणि पुढच्या वर्षापासून मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, रत्नागिरीत नजरकैदेत राहिला. त्याची राजधानी मंडाले. तिथल्या तुरुंगात १९०८ ते १९१४ लोकमान्य टिळक होते. इंग्रजांनी दोन देशांच्या माणसांची अशी अदलाबदल करून ठेवली होती. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते थिबानंतर त्याच्या राज्याचं काय झालं ते.

थिबाची सत्ता मैदानात थेट होती, डोंगरात नव्हती. शान प्रदेशाचे वंशपरंपरागत सरदार, ज्यांना सॉफा म्हणत, ते मंडालेला खंडणी पाठवत आणि घरचा कारभार स्वतः बघत. काचिन आणि चिन डोंगरांत तर मंडालेचा हात जेमतेम पोहोचायचा. इंग्रजांनी ही विभागणी मोडली नाही, उलट कागदावर पक्की केली. इरावती नदीच्या खोऱ्यातल्या मैदानी मुलखात जिल्हाधिकारी, न्यायालयं, पुढे विधिमंडळ आणि निवडणुका आल्या. सीमेवरचे डोंगराळ प्रदेश मात्र वेगळ्या कायद्यांखाली सरदार आणि मुखिया यांच्यामार्फत चालवले गेले. १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा झाला तेव्हाही हे डोंगर रंगूनच्या मंत्रिमंडळाच्या कक्षेबाहेरच राहिले. लष्करभरतीत कारेन, काचिन आणि चिन तरुणांना झुकतं माप, बहुसंख्य बामारांना जवळजवळ दार बंद. दुसऱ्या महायुद्धात त्याची फळं दिसली. स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान यांची बामार सेना सुरुवातीला जपान्यांच्या बाजूने उतरली, कारेन इंग्रजांशी इमान राखून राहिले, आणि १९४२ मध्ये इरावतीच्या मुखाकडच्या प्रदेशात कारेन गावांमध्ये कत्तली झाल्या. स्वातंत्र्याची बोलणी सुरू झाली तेव्हा ही जखम जेमतेम पाच वर्षांची होती.

तरीही १२ फेब्रुवारी १९४७ रोजी शान प्रदेशातल्या पांगलाँग नावाच्या लहानशा गावी आँग सान यांनी शान, काचिन आणि चिन नेत्यांना एका करारावर आणलं. एकत्र स्वातंत्र्य मिळवू, डोंगराळ प्रदेशांना अंतर्गत कारभारात पूर्ण स्वायत्तता राहील, असा त्याचा गाभा. करार अगदी त्रोटक होता. ‘तत्त्वतः मान्य’ एवढ्यावर बरंचसं भागवलेलं. वाटणी तोंडी ठरावी आणि सातबाऱ्यावर नाव चढायचं राहून जावं, तशी त्याची गत झाली. कारेन तिथे निरीक्षक म्हणून आले आणि सही न करता गेले. मोन, राखाइन, कारेन्नी यांची सही नाहीच. आणि ज्यांच्या शब्दावर डोंगरातल्या नेत्यांनी विश्वास टाकला, ते आँग सान १९ जुलै १९४७ रोजी सहकाऱ्यांसह मंत्रिमंडळाच्या बैठकीतच गोळ्यांना बळी पडले. मारल्या गेलेल्यांत एक शान सॉफा होते, एक कारेन मंत्री होते, एक मुस्लिम नेते होते. एकाच खोलीत बसलेली ती माणसं पाहिली तर देश कसा होऊ शकला असता याची कल्पना येते.

त्या सप्टेंबरमध्ये मंजूर झालेल्या घटनेच्या मसुद्यासाठी आपल्याकडचे घटनातज्ज्ञ बेनेगल नरसिंह राव यांची मदत घेतली गेली होती. घटनेत शान आणि कारेन्नी या दोन राज्यांना दहा वर्षांनंतर फुटून निघण्याचा हक्कसुद्धा होता. ऐकायला हे फारच उदार वाटतं. पण खोच दुसरीकडे होती. शान, काचिन, कारेन्नी यांची राज्यं झाली. बामार मुलखाचं राज्य झालंच नाही. तो मुलूख थेट केंद्राखाली. म्हणजे केंद्र सरकार हेच बामारांचं राज्य सरकार, आणि तेच बाकीच्यांचं वरिष्ठ सरकार. भावांमध्ये बरोबरी नाही. एक भाऊ एकाच वेळी भाऊही आणि बापही. संघराज्याची चर्चा ब्रह्मदेशात गेली पाऊणशे वर्षं जिथे येऊन अडते ती जागा ही. अल्पसंख्याकांना किती अधिकार द्यायचे हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. बहुसंख्याक स्वतः इतरांसारखं एक राज्य व्हायला तयार आहेत का, हा अवघड.

४ जानेवारी १९४८ ला, ज्योतिष्यांनी काढून दिलेल्या पहाटेच्या मुहूर्तावर, देश स्वतंत्र झाला. जानेवारी १९४९ च्या अखेरीस कारेन राष्ट्रीय युनियनचं युद्ध सुरू झालं आणि ते आजही संपलेलं नाही. चीनमधून हरून आलेलं कुओमिंतांगचं सैन्य शान प्रदेशात घुसलं, त्याच्यामागे ब्रह्मी लष्कर तिथे शिरलं आणि कायमचं राहिलं. १९५९ मध्ये सॉफांनी आपले वंशपरंपरागत अधिकार सोडले. फेब्रुवारी १९६१ मध्ये काचिन संघटनेने शस्त्र उचललं, आणि त्याच वर्षी पंतप्रधान ऊ नू यांनी बौद्ध धर्म हा राजधर्म केला. काचिनांमध्ये ख्रिस्ती बहुसंख्य, तेव्हा आगीत तेल कसं पडलं ते सांगायला नको.

तरी सगळेच जंगलात गेले नव्हते. जून १९६१ मध्ये शान राज्याची राजधानी तौंजी इथे एक परिषद भरली. पुढाकार होता साओ श्वे थाइक यांचा. हे न्याँगश्वेचे सॉफा आणि स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष; म्हणजे कुणी माथेफिरू फुटीरतावादी नव्हे. त्यांची मागणी घटना दुरुस्त करण्याची होती: बामार मुलखाचंही इतरांसारखं एक राज्य करा, वरच्या सभागृहात सर्व राज्यांना समान जागा द्या, केंद्राकडे मोजके विषय ठेवून उरलेले अधिकार राज्यांकडे सोपवा. फुटून निघण्याचा हक्क कागदावर असताना ही माणसं एकत्र राहण्याची रीत मागत होती. ऊ नू बोलायला तयार झाले. फेब्रुवारी १९६२ मध्ये रंगूनला चर्चासत्र सुरू झालं. ते चालू असतानाच २ मार्चच्या पहाटे जनरल ने विन यांचे रणगाडे रस्त्यावर आले. साओ श्वे थाइक यांच्या घरावर छापा पडला, त्यात त्यांचा किशोरवयीन मुलगा गोळी लागून गेला. ते स्वतः त्याच वर्षी तुरुंगात मरण पावले. संघराज्याच्या मागणीने देशाचे तुकडे पडले असते, म्हणून सत्ता घ्यावी लागली, असं लष्कराच्या वतीने सांगण्यात आलं. त्यानंतर अनेक दशकं ‘फेडरल’ हा शब्द उच्चारणं म्हणजे देशद्रोहाची कबुली देण्यासारखं झालं.

मधली वर्षं झटपट ओलांडू. १९७४ च्या घटनेने नकाशावर सात राज्यं आणि सात विभाग आखले, पण अधिकार एकाच पक्षाच्या हाती. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने राखाइनमधल्या मुस्लिम रोहिंग्यांना देशाबाहेरचे ठरवलं. १९८८ चा उठाव चिरडला गेला, १९९० ची निवडणूक सू चींच्या पक्षाने जिंकली आणि लष्कराने ती मानली नाही. २००८ च्या घटनेत संसदेच्या चतुर्थांश जागा गणवेशातल्या माणसांना राखीव, आणि महत्त्वाच्या दुरुस्तीसाठी तीन चतुर्थांशांहून जास्त मतं हवीत. गणित इतकं उघड की त्याला लबाडी म्हणायचीही सोय नाही. संरक्षण, गृह आणि सीमा ही तीन खाती सेनापतीच्या मर्जीची. राज्यांना विधिमंडळं मिळाली, पण त्यांचे मुख्यमंत्री राष्ट्राध्यक्ष नेमणार. २०१५ मध्ये सू ची जिंकून आल्या, २०१६ मध्ये त्यांनी ‘एकविसाव्या शतकाचं पांगलाँग’ या नावाने परिषद भरवली. ती फारशी पुढे सरकली नाही. २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले, आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये सू ची हेगच्या न्यायालयात आपल्याच लष्कराच्या वकिलीला उभ्या राहिल्या. बामार मतदारांमध्ये त्यांची लोकप्रियता त्यामुळे कमी झाली नाही, वाढली.

म्हणून २०२१ मध्ये झालेला बदल मोलाचा. यांगून (पूर्वीचं रंगून) आणि मंडालेच्या रस्त्यांवर लष्कर बामार मुलांवरच गोळ्या झाडू लागलं, तेव्हा डोंगरातली माणसं सत्तर वर्षं काय सांगत होती ते मैदानातल्या घराघरांत एका झटक्यात कळलं. तरुणांनी समाजमाध्यमांवर रोहिंग्यांची आणि इतरांची जाहीर माफी मागितली. हजारो जण कारेन, कारेन्नी, काचिन आणि चिन संघटनांच्या मुलखात गेले, तिथेच त्यांना आसरा मिळाला, तिथेच बंदूक चालवायला शिकले. सप्टेंबर २०२१ मध्ये ऐक्य सरकारने लष्कराविरुद्ध युद्ध जाहीर केलं. या सरकारचे कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष दुवा लाशी ला काचिन आहेत, पंतप्रधान मान विन खाइंग थान कारेन. नुसती पदं वाटून संघराज्य होत नाही, पण आधीच्या कुठल्या मंत्रिमंडळात हे दिसलं नव्हतं.

सनदेचे दोन भाग आहेत. पहिल्यात भावी संघराज्याची तत्त्वं आणि तिथवर जाण्याचा मार्ग, दुसऱ्यात तोवरची हंगामी व्यवस्था. पहिल्या भागातलं एक तत्त्व सगळ्यांत धाडसी आहे: सार्वभौमत्वाची मूळ मालकी घटक राज्यांची आणि त्यांतल्या लोकांची. आपल्या भारतीय घटनेची घडण उलट आहे. इथे केंद्र राज्यांच्या सीमा बदलू शकतं, नवी राज्यं काढू शकतं, आणि उर्वरित अधिकार त्याच्याकडे असतात. म्यानमारच्या सनदेने सत्ता खालून वर नेली. शिवाय सैन्य नागरी सरकारच्या हुकमतीखाली राहील, राज्यांना स्वतःच्या घटना करता येतील, धर्म आणि राजकारण वेगळं राहील, असंही त्यात आहे. जानेवारी २०२२ मध्ये पहिली जनसभा भरली आणि तिने सनदेवर शिक्कामोर्तब केलं. एप्रिल २०२४ मध्ये दुसरी झाली.

एवढं सगळं असूनही परिषदेच्या टेबलाभोवती रिकाम्या खुर्च्या आहेत, आणि त्या साध्यासुध्या माणसांच्या नाहीत. चीनच्या सीमेवरची वा सेना, देशातली सर्वांत मोठी बिगरसरकारी फौज, कधीच आली नाही. तिला आपलं स्वतंत्र संस्थान पुरतं आणि बीजिंगशी संबंध बिघडवायचे नाहीत. राखाइनमधल्या आराकान सेनेचे नेते संघराज्य नको, त्याहून सैल असा राज्यांचा संघ हवा, असं उघड म्हणतात. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी कोकांग, ताआंग आणि आराकान या तीन सेनांनी मिळून उत्तर शान भागात चढाई केली. ऑगस्ट २०२४ पर्यंत लाशियो शहर आणि तिथलं लष्कराचं प्रादेशिक मुख्यालय त्यांच्या बाजूच्या हाती गेलं. युद्धाचं पारडं फिरवणाऱ्या या मोहिमेचं नेतृत्व परिषदेबाहेरच्यांनी केलं. पुढे एप्रिल २०२५ मध्ये चीनने दबाव आणून लाशियो परत लष्कराला मिळवून दिलं, तेव्हाही परिषदेला विचारायला कुणी गेलं नाही.

शान राज्याचं कोडं तर कोणत्याही मसुद्याला घाम फोडणारं. तिथे शान आहेत, पा-ओ, ताआंग, वा, लाहू, दनू, कोकांगी, काचिनही आहेत, आणि बहुतेकांच्या हाती आपापली सेना. राज्य जमातीच्या नावाने द्यायचं की भूभागाच्या? कारेन लोकांपैकी मोठा भाग कारेन राज्यात राहतच नाही, तो इरावतीच्या मुखाकडच्या बामारबहुल विभागात राहतो. त्यांचं राज्य कोणतं? तशात काचिन डोंगरांतलं हिरवं जेड, चीनच्या कारखान्यांना लागणारी दुर्मीळ खनिजं, राखाइनच्या किनाऱ्याजवळचा नैसर्गिक वायू यांचा पैसा कुणाचा, हेही ठरवायचं आहे. खाणीच्या तोंडाशी आज ज्याची चौकी, त्याचा कर. परिषदेने उद्या महसूल वाटपाचं सुंदर सूत्र काढलं तरी त्या चौकीवरचा माणूस ते वाचायला बसलेला नाही.

दरम्यान काही ठिकाणी लोकांनी वाट पाहणं सोडून दिलं. लहानशा कारेन्नी राज्यात जून २०२३ मध्ये हंगामी कार्यकारी मंडळ उभं राहिलं. लष्करी राजवट सोडून आलेल्या पोलिसांनी तिथे नवं पोलीस दल बांधलं, शाळा आणि दवाखाने वेगवेगळ्या गटांनी मिळून चालवायला घेतले. चिन डोंगरांत डिसेंबर २०२३ मध्ये चिनलँडची स्वतःची घटना मंजूर झाली. त्यावरून चिन संघटनांतच फूट पडली आणि दोन तट एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. भाषा, चर्च आणि नातीगोती मिझोरामशी जुळलेली असल्याने मिटवामिटवीला मिझोराम धावलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ऐझॉलला मुख्यमंत्री लालदुहोमा यांच्या साक्षीने दोन्ही तटांनी एक होण्याचं मान्य केलं. सीमेपलीकडून आलेले हजारो चिन निर्वासित आधीच मिझोरामच्या गावांत होते. आपल्याकडे म्यानमारची बातमी आली तर मणिपूर आणि कुंपणापुरती येते, त्यामुळे ऐझॉलची ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही.

रोहिंग्यांचा प्रश्न ही सनदेची खरी परीक्षा आहे आणि तिचा निकाल संमिश्र आहे. जून २०२१ मध्ये ऐक्य सरकारने रोहिंग्यांना त्यांच्या नावाने संबोधून १९८२ चा कायदा बदलण्याचं आश्वासन दिलं, २०२३ मध्ये एका रोहिंग्या कार्यकर्त्याला मानवाधिकार खात्यात उपमंत्री केलं. पण रोहिंग्यांचा मुलूख आज मुख्यतः आराकान सेनेच्या ताब्यात आहे, आणि ती ‘रोहिंग्या’ हे नावच मान्य करायला राजी नाही. आश्वासन देणारे एक, ते पाळण्याच्या जागी बसलेले दुसरे.

लष्करही स्वस्थ नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने सक्तीची भरती सुरू केली, आणि २८ डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने निवडणूकही उरकली. युद्ध चाललेल्या बऱ्याच मुलखांत मतदान झालंच नाही, सू चींचा पक्ष आधीच बरखास्त केलेला. परिषदेतली भांडणंही खरी आहेत. खासदारांच्या समितीचा शब्द वरचा की परिषदेचा, सू चींच्या पक्षाचं वजन जास्त का, सशस्त्र संघटनांनी आपली सेना एका हुकमतीखाली कधी आणायची, यांवर बैठकांमागून बैठका होत आल्या आहेत.

माझ्या मते सगळ्यांत लक्ष देण्यासारखी हालचाल मात्र डोंगरात नाही, सगाइंगमध्ये आहे. हा मंडालेच्या पश्चिमेचा, बामारांचा गाभ्याचा मुलूख. पूर्वी लष्कराची बरीच भरती इथूनच व्हायची. २०२१ नंतर सर्वाधिक गावं जळाली ती याच पट्ट्यात. कारेन्नी, चिन, मोन, ताआंग यांची हंगामी सल्लागार मंडळं परिषदेत आली, पण बामार विभागांना असं काही नव्हतं. त्यांच्या वतीने ऐक्य सरकार बोलतं असं गृहीतच होतं, १९४७ मध्ये होतं तसंच. आता सगाइंगमधले प्रतिकार गट स्वतःचा मंच बांधून आपल्या प्रदेशाची हंगामी घटना, आपलं प्रशासन, आपला महसूल यांची चर्चा करू लागले आहेत. ऐक्य सरकारला ते फारसं रुचलेलं नाही. तौंजीच्या परिषदेने बामारांसाठी जे राज्य मागितलं होतं, ते या वेळी बामारच मागताहेत, आणि तेही आपल्याच बाजूच्या सरकारकडे.